आखाडाची उचल, पुसाची तूर

ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम आमच्याकडे आखाडात येतो. पेरणी होऊन खिसा रिकामा झालेला असतो, किराणावाला उधारीची वही पुढे करतो, पोरांच्या शाळा सुरू झालेल्या असतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावांत, बीड जिल्ह्याच्या केज-धारूरच्या बाजूला, पोळ्यापर्यंत बहुतेक कोयते ठरलेले असतात. ट्रकमध्ये बिऱ्हाड चढतं दसऱ्या-दिवाळीला, पण माणूस बांधला जातो तो आखाड-श्रावणात, घरबसल्या मिळालेल्या रोख रकमेने.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीला 80 हजारांपासून लाखाच्या पुढे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते आणि ती ऊस तोडून फेडायची असते. 2024च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, टनाला 366 रुपये झाले. जोडी दिवसाला पावणेदोन टन तोडते असं धरलं तर 640 रुपये, आणि दीडशे दिवस एकही सुट्टी न घेता 96 हजार. या हिशेबात ताप नाही, पाळी नाही, बाळंतपण नाही. एक जण बसला की खाडा, आणि खाड्याला 500 ते 1,000 रुपये दंड. म्हणून कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा बऱ्याच जोड्यांची उचल फिटलेली नसते. राहिलेली बाकी पुढच्या सालावर चढते आणि पुढच्या आखाडात मुकादमाला फार बोलावंही लागत नाही. 2019 साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागे डॉक्टरांचा धंदा होता तसा खाड्याचा धाकही होता.

हे सगळं डोळ्यांपुढे असूनही, तोडीला जाणं थांबावं म्हणून बायकांचा बचत गट आणि उद्योग उभा करताना आम्ही सुरुवात चुकीच्या टोकाने केली. आधी पापड, मग काळा मसाला. प्रशिक्षण झालं, बायका शिकल्या, माल चांगला झाला, दिवसाला साठ-सत्तर रुपये सुटू लागले. दसरा आला आणि शिकलेल्या बायकांतल्या निम्म्याहून जास्त ट्रकमध्ये बसून गेल्या. लिज्जतची सुरुवात 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन केली, ती गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. पण गिरगावातल्या बायकांच्या दारात आखाडात मुकादम उभा नव्हता. रोजचे सत्तर रुपये आणि एकरकमी 80 हजार यांची तुलना होत नाही. ज्याला बी-खताचे, दवाखान्याचे, किराण्याचे पैसे एकाच आठवड्यात द्यायचे आहेत, त्याला रोजंदारी कितीही वाढवून दिली तरी ती वेळ निभावत नाही. म्हणून आधी गटाची स्वतःची उचल उभी करायची आणि उद्योग त्यानंतर, असा क्रम आम्ही उलटा करून घेतला.

गट 12 जणींचा. त्यातल्या सात घरची माणसं तोडीला जाणारी. बचत आठवड्याला 50 रुपये. बचत गटांसाठीच्या सरकारी उमेद अभियानाच्या दशसूत्रीत, म्हणजे दहा नियमांत, साप्ताहिक बैठक पहिली, आणि ऊसतोडीच्या गावात पहिली मोडते तीच. कार्तिकात अर्धा गट कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकात असतो, सहा महिने बैठकीच्या वहीवर सह्या नसतात, मूल्यांकनात गट निष्क्रिय ठरतो आणि बँक दारातूनच परत पाठवते. यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. अध्यक्ष आणि सचिव या दोघी गावात राहणाऱ्यांतून निवडल्या. आणि फडावर, म्हणजे तोडीला, गेलेल्यांनी कोपीपाशी, आपल्या झोपडीपाशी, बसून बैठक घ्यायची, बचत फोनवरून टाकायची, एकीने गावात फोन करून हजेरी सांगायची, ती वहीत "दूरध्वनीवरून हजर" अशी लिहायची. बँकेच्या साहेबाला हे आधी पटलं नाही. गट निम्मा बाहेर असूनही बचतीचा एकही आठवडा चुकला नाही, हे पासबुकात दिसलं तेव्हा पटलं.

मग ज्येष्ठात, मुकादम यायच्या महिनाभर आधी, सातही घरांची मागल्या सालची उचल सुटी करून बघितली. 80 हजार नेमके कशाला लागले? एका घरचा हिशेब असा निघाला: मागची बाकी 23 हजार, बी-खत 12 हजार, किराणा उधारी 9 हजार, दवाखाना 11 हजार, शाळा-कपडे 4 हजार, सावकाराचं व्याज 6 हजार, आणि 15 हजारांचा पत्ता लागेना. तो कुणाला नीट सांगता आला नाही, आणि आम्हीही खोदत बसलो नाही. बहुतेक घरांत चित्र असंच होतं. आखाडात हातात खरोखर लागणारे पैसे 30 ते 35 हजार. बाकीचं एक तर जुनं देणं, नाहीतर रक्कम मोठी मिळतेय म्हणून वाढलेला खर्च. सात घरांना 80 हजार देणं गटाच्या बापजन्मात शक्य नव्हतं. 35 हजार आणि मुकादमाची बाकी एवढं काही घरांपुरतं जमणार होतं.

पैसा कुठून आणला ते सांगतो, कारण हेच सगळे विचारतात. तीन महिने दशसूत्री पाळल्यावर उमेदकडून फिरता निधी 30 हजार. नंतर ग्रामसंघामार्फत, म्हणजे गावातल्या गटांच्या संघामार्फत, समुदाय गुंतवणूक निधी 60 हजार. सहा महिन्यांनी बँकेचं पहिलं कर्ज दीड लाख. स्वतःची बचत तेव्हा 18 हजार. एकूण 2 लाख 58 हजार. बँकेचं कर्ज वेळेत फेडलं तर सुमतीबाई सुकळीकर योजनेतून व्याजाचा परतावा मिळतो, पण तो मागाहून मिळतो, त्याच्या भरवशावर हप्ता आखायचा नाही.

एवढ्यात तीन घरं बसली. कोणती, यावर दोन बैठका भांडणात गेल्या. जी चांगली फेडेल तिला द्या, असं बँकेच्या अंगाने बोलणारे होते. आम्ही धोक्याच्या अंगाने निवडलं. पहिली एक विधवा. एकटी बाई टोळीत "अर्धा कोयता" म्हणून जाते, दुसरा अर्धा कोण असेल ते मुकादम ठरवतो, आणि रात्री कोपीला दार नसतं. दुसरं घर असं, जिथे 15 वर्षांची पोर होती आणि घरात लग्नाची कुजबूज चालू होती. मुलीचं लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि त्यावर नवी उचल मिळते, म्हणून आमच्याकडे पोरींची लग्नं हंगामाच्या तोंडावर उरकतात. तिसरी पाच महिन्यांची गरोदर. बाकीची चार घरं त्या साली गेली. त्यांचा राग वर्षभर राहिला आणि तो साहजिक होता.

बाकी फेडण्याचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. मुकादम परका नसतो, भावकीतला असतो, त्याच्या लग्नात आपण पंगत वाढलेली असते. नवऱ्याच्या हातात रोकड देऊन पाठवलं की चहा होतो, पैसे जातात आणि वहीतली बाकी तशीच राहते. म्हणून पाच जणी मिळून जायच्या, दिवसा, आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसायचं. आधी त्याची वही मागायची. त्यात तीन गोष्टी बघायच्या: दिलेली उचल, तोडलेली टनं, मांडलेले खाडे. टनं तपासायला कारखान्याच्या काट्याच्या पावत्या लागतात. म्हणून फडावर गेलेल्या बाईला पहिल्या दिवसापासून सांगून ठेवायचं की गाडी भरली की पावतीचा फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाक. पावती गाडीवाल्याकडे असते, तो दाखवतो, फक्त मागावी लागते.

विधवेच्या वहीत 31 खाडे होते. आमच्या कागदावर 19. मधले 12 दिवस कुठले, तर कारखाना बिघाडाने बंद होता ते सहा दिवस आणि गाडी आली नाही म्हणून बसून काढलेले सहा. बंद कारखान्याचा खाडा मजुरावर कसा, हे विचारल्यावर मुकादमाने पेन काढलं आणि न बोलता रेघ मारली. 12 खाड्यांचे 500 रुपयांप्रमाणे 6 हजार कमी झाले, 23ची बाकी 17वर आली. पैसे त्याच्या बँक खात्यात टाकले आणि शेऱ्यात "उचल बाकी पूर्ण फेड" असं लिहिलं. मग तीन वस्तू परत घेतल्या: सही केलेला कोरा धनादेश, आधारची प्रत आणि नोटरी केलेला करार. करारावर "हिशेब पूर्ण, देणे नाही" असं लिहून त्याची सही, दोन साक्षीदार. नवीन मुद्रांक घ्यायला 500 रुपये पडतात, ते वाचवायचे तर जुन्या करारावरच लिहून घ्यावं.

कायदा काय म्हणतो, तेही या बायकांना माहीत असतं, आम्ही सांगतो. 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी बांधून घालणारी देणी रद्दच होतात. जिल्हा प्रशासन मुक्ती प्रमाणपत्र देतं, पुनर्वसनाची रक्कम महिलांसाठी 2 लाख, जबरी शोषणाच्या आणि तस्करीच्या प्रकरणांत 3 लाखांपर्यंत आहे. कर्नाटकात टोळी डांबून ठेवली, मारहाण केली, बाईला परत पाठवेनात, तर वाटाघाटीत वेळ घालवायचा नाही. तहसीलदार, जिल्हाधिकारी, पोलीस, आणि तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं मानवी तस्करीचं कलम 143 लिहायचं, कारण नुसती "पैशाची तक्रार" म्हटली की ठाण्यात दिवाणी बाब म्हणून बाजूला ठेवतात. पण गावात राहून, त्याच पाणवठ्यावर पाणी भरायचं असताना, 17 हजारांसाठी कायद्याचं दार किती जणी वाजवतील? आम्ही बाकी फेडायचा मार्ग धरला तो तत्त्व म्हणून नाही, सोय म्हणून.

एक फटका बसलाच. गरोदर बाईच्या नवऱ्याने श्रावणात दुसऱ्या गावच्या मुकादमाकडून गुपचूप 40 हजार उचलले. आम्हाला कळलं गणपतीत. गटाने दिलेले 35 हजार तिच्या खात्यात होते म्हणून वाचले, पण 40 हजारांतले 28 उरले होते. ते परत केले, 12 हजार गटाने भरले आणि तो एकटा ट्रॅक्टरवर भरणीला गेला, रोजाने, करार न करता. तेव्हापासून गटाची उचल देताना नवऱ्याला बैठकीत बसवतो आणि ठरावावर त्याचीही सही घेतो. त्या सहीला कायद्याने काय किंमत आहे ते सोडा, दहा बायकांसमोर सही केलेला गडी दुसऱ्या मुकादमाकडे जाताना अडखळतो.

आता उद्योग. डाळगिरणी निवडली ती हंगामामुळे. तूर पुसात निघते, म्हणजे गाव ऊसतोडीने रिकामं झालेलं असतं तेव्हा. मागे राहिलेल्या बाईला काम नेमकं त्याच चार महिन्यांत हवं असतं. पापड पावसाळ्यात वाळत नाहीत आणि उन्हाळ्यात सगळेच करतात. शिवाय आमच्या भागातले शेतकरी तूर विकून वर्षभर दुकानातून डाळ विकत आणतात, म्हणजे गिऱ्हाईक दारात होतं.

नोंदणी सहकारी संस्था म्हणून करायची ठरली, कारण बचत गटाच्या नावावर वीजजोडणी आणि मोठी खरेदी दोन्ही अवघड जातं. 1960च्या सहकार कायद्याला किमान 10 प्रवर्तक लागतात आणि ते दहा वेगवेगळ्या कुटुंबांतले. इथेच अडकलो. 12 जणींत जावा-जावा आणि सासू-सून धरून कुटुंबं भरली नऊच. प्रस्ताव सहायक निबंधकांच्या कार्यालयातून परत आला, नवी बाई शोधण्यात आणि शिधापत्रिका गोळा करण्यात दीड महिना गेला. ज्यांना हे करायचंय त्यांनी गट बांधतानाच शिधापत्रिका बघाव्यात. कायद्याने निबंधकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पोच घेतलेली नसेल तर हे दोन महिने कधी सुरूच होत नाहीत.

उद्यम नोंदणी फुकट होते, तिचे 500-1,000 मागणारा एजंट टाळावा. खाद्यपदार्थांची नोंदणी आमच्या वेळी 12 लाखांच्या उलाढालीपर्यंत वर्षाला 100 रुपयांत व्हायची. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत आमच्या वेळी 35 टक्के अनुदान होतं, कमाल 10 लाख, पण ते हातात येत नव्हतं. बँकेत कर्जखात्याशेजारी तीन वर्षं पडून राहायचं. म्हणून हप्ता बसवताना अनुदान विसरून बसवायचा.

यंत्र अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या धर्तीचं मिनी डाळगिरणीचं, 3 अश्वशक्तीची मोटर. शेतातली थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते आणि बायका रात्री गिरणीवर थांबणार नाहीत. जागा गावठाणात घेतली, शेतात नाही, ती यासाठी.

डाळ करायची रीत अशी. तूर आधी चाळणीवर घालून जाड आणि बारीक वेगळी करायची. हे टाळलं तर रोलरमध्ये जाड दाणा फुटतो आणि बारीक तसाच निसटतो. पहिला फेरा फक्त ओरखडा काढण्यापुरता, टरफलाला चिरा जातील एवढाच. मग क्विंटलला 300 ग्रॅम गोडेतेल हाताने चोळून रात्रभर ढीग झाकून ठेवायचा. तेल त्या चिरांतून आत जाऊन टरफल आणि डाळ यांच्यामधला चिकटा सोडवतं. दोन ऊन द्यायची. मग अडीच लिटर पाणी शिंपडून, गोणपाटाखाली पुन्हा एक रात्र, पुन्हा एक ऊन. तेव्हा दुसरा फेरा. न सोललेला गोटा चाळून तिसऱ्यांदा टाकायचा. ऊन पुरेसं झालं का, हे ओळखायला गटातल्या सगळ्यात वयस्क बाईचे दात आहेत. ती दाणा दाढेखाली धरते. कट्कन तुटला तर गिरणी सुरू, चेपला तर परत अंगणात. तिला दाढा तीनच राहिल्यात, पण अंदाज चुकत नाही.

पहिल्या साली जानेवारीत चार दिवस आभाळ आलं आणि आम्ही घाई केली. ओली तूर टाकली, टरफल सुटेना म्हणून रोलर आवळला, आणि पाच क्विंटलची निम्मी डाळ चुरीत गेली. दुसरी चूक तेलाची. जास्त घातलं तर लवकर सुटेल म्हणून अर्धा किलोच्या वर गेलो, तर भुसा डाळीला चिकटून बसला आणि महिनाभराने डाळीला खवट वास आला.

नीट जमलं की 100 किलो तुरीची 70 किलो डाळ पडते, 25 किलोच्या आसपास चुणी-भुसा, बाकी ओल आणि धूळ. एका क्विंटलचा हिशेब: तूर वाहतुकीसह 7,500. डाळ 130 रुपयांनी 9,100 आणि चुणी-भुसा 20 रुपयांनी 500, मिळून 9,600. वीज, तेल, पिशव्या 350. मजुरी 750. हातात 1,000. खरेदी एकदम नाही, पंधरा-पंधरा क्विंटलची, विकून आलेल्या पैशातून पुढची. हंगामात 100 क्विंटल झाली म्हणजे 1 लाख. शिवाय लोकांची तूर किलोला 6 रुपयांनी भरडून दिली, त्यात खर्च जाऊन 45 हजार. भरडाईत भांडण ठरलेलं, "माझी डाळ कमी आली". आता येताना आणि जाताना वजन करून दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून देतो, चुणी-भुसाही त्याचा त्याला. डाळ पॉलिश नसते, दिसायला मातकट. शहरातल्या गिऱ्हाइकाला आधी शिजवून दाखवावी लागते, बाजारच्या दिवशी आम्ही स्टोव्हच घेऊन बसतो.

हातात राहिलेल्या 1 लाख 45 हजारांतून 45 हजार हप्त्यांना, 28 हजार पुढच्या खरेदीला. उरलेले 72 हजार फाल्गुनात वाटायचे नाहीत, असा ठराव आहे. ते आखाडाच्या तोंडावर वाटतात, गटातल्या 12 जणींना 6-6 हजार. मजुरी मात्र दर बाजाराला चुकती होते, 250 रुपये रोज. लाभांश होळीला द्या असा आग्रह दरवर्षी होतो. होळीला दिलेले पैसे जत्रा-लग्नांत जातात आणि आखाडात पुन्हा मोकळे हात मुकादमापुढे जातात, हे पापडाच्या साली बघितलंय. 6 हजार लाभांश, गटाची उचल 30-35 हजार, हे दोन्ही ज्येष्ठाच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात पडलं पाहिजे. पंधरा दिवस उशीर झाला तर न दिल्यासारखंच.

दुसऱ्या साली सातपैकी पाच घरं राहिली. दोन गेली. एकीला मोठ्या मुलीच्या लग्नाला दीड लाख हवे होते, गटाची मर्यादा 35 हजार. मुलगी 20 वर्षांची होती, हट्टाने नाही म्हणायला जागा नव्हती. ती जाताना गटाने तिच्या फोनमध्ये एवढंच भरून दिलं: कोऱ्या धनादेशावर सही नाही, उचल खात्यावरच घ्यायची, आधार स्वतःजवळ, पावतीचा फोटो रोज. आज सकाळी तिच्या आलेल्या फोटोत काट्याचा आकडा पुसट होता. सचिवबाईने लगेच फोन लावून परत काढायला लावला.